नव्वद नंबरचे अप्पा

भवानी पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी एक म्हातारा माणूस हात आडवा करून मोटरसायकली थांबवतो. अंगात बनियन, खाली पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूती, खांद्यावर टॉवेलचा तुकडा. तो पोलीस नाही. वर्गणी मागत नाही. पत्ताही विचारत नाही. गाडी थांबली की तो कमरेत वाकतो, मागच्या चाकाकडं बोट दाखवतो आणि कळवळून म्हणतो, "रडायलीय की हो ती!"

मला पहिल्यांदा असं थांबवलं तेव्हा मी या बोळात नुकतीच भाड्यानं राहायला आले होते. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काम करते. होटगीच्या पुढची कोरडवाहू गावं माझ्याकडं आहेत. शेळ्यामेंढ्यांना लस टोचत मोटरसायकलवरून फिरायचं. त्यामुळं "रडायलीय" म्हटल्यावर मी दचकून मागं वळले. वाटलं, मागच्या पेटीत कुणाचं कोकरू चढून बसलंय की काय.

"कोण रडतंय?"

"चेन," ते म्हणाले. "तिसऱ्या घरापासून ऐकायलोय मी. तुमी रोज धुळीत जाताव. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"आन तेल कंचं घालताव?"

"मेकॅनिक घालतो काहीतरी."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. एखाद्या आईनं "मुलं काय खातात ते शेजारणीला माहीत" असं म्हटल्यावर आपण जसं बघू, तसं मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ऐतवारी सकाळी या," म्हणाले. "गाडी घिऊन."

हे बसवंतप्पा. सारा बोळ त्यांना अप्पा म्हणतो, आणि पाठीमागं नव्वद नंबर. गिअरबॉक्समध्ये घालायचं जे जाड तेल असतं त्याला गॅरेजवाले नव्वद नंबर म्हणतात, आणि चेनीला तेच घालावं, असं अप्पांचं ठाम मत. हे मत त्यांनी अक्षरशः घाम गाळून मिळवलं होतं.

यात गंमत अशी की अप्पांचा आणि यंत्राचा जन्मात संबंध नव्हता. त्यांचं दुकान टॉवेल-चादरींचं. ते आता पुतण्या बघतो. अप्पांकडं मोटरसायकल नाही, कधी नव्हतीही. पूर्वी एक स्कूटर होती, ती विकली. का विकली विचारलं, तर म्हणाले, "तिला चेनच दिसत न्हाय हो. काय करायचं असल्या गाडीला?"

पण कान! तसले कान मी माणसाला बघितले नाहीत. एकदा आम्ही त्यांच्या कट्ट्यावर बसलो होतो. अप्पा रस्त्याकडं पाठ करून शेंगा निवडत होते. मागनं एक गाडी गेली. "रफिकभाई," ते म्हणाले. दुसरी गेली. "बँकेतले. ढिली झालीय, दोन बोटांपेक्षा जास्त हलायलीय." तिसरी गेली तेव्हा शेंगा निवडणारा हात थांबला. "ही आपल्या बोळातली न्हाय. नवीन पाव्हणा हाय कुणाकडं तर." मी वळून बघितलं. बँकेतले साहेब कोपऱ्यावर गाडी थांबवून खाली वाकून बघत होते, आणि नवीन पाहुणे पेढ्याचा पुडा हातात धरून घर नंबर शोधत होते. मी जनावराच्या छातीला नळी लावून जे ऐकते, ते यांना पाठमोऱ्यानं ऐकू येत होतं.

त्या पहिल्या रविवारी मी गाडी घेऊन गेले तर कट्ट्यापुढं आधीच एक गाडी उभी. रफिकभाई बेकरीचा माल पोचवतात. त्यांची गाडी डबल स्टँडवर होती आणि ते स्वतः कट्ट्यावर मांडी घालून कडक भाकरी मोडत होते. अप्पांनी पहिल्यांदा काय केलं, तर माझ्या गाडीची किल्ली काढून आपल्या बनियनच्या खिशात टाकली.

"किल्ली कशाला?"

"इंजिन चालू ठिऊन चेन पुसतेत लोक. बोट आत गेलं की मग बोंबलत बसतेत. माझ्या कट्ट्यावर किल्ली माझ्याकडं."

मग ते खाली बसले. जुना मऊ ब्रश घेतला. तारेचा ब्रश त्यांना चालत नसे, म्हणत, "अंग खरवडून कुणी अंघोळ घालतं का?" वाटीभर डिझेलमध्ये ब्रश बुडवून, हातानं चाक मागं फिरवत त्यांनी चेन धुतली. मग टॉवेलच्या तुकड्यानं पुसली. दुकानातले डाग पडलेले, काठ उसवलेले टॉवेल सगळे त्यांच्याकडं येत. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. तुकडा पांढरा निघेपर्यंत पुसणं चाललं. काळ्या दोरखंडातून हळूहळू एक चकचकीत साखळी बाहेर आली. ही माझ्याच गाडीची आहे यावर माझा विश्वास बसेना.

"आता तेल," अप्पा म्हणाले आणि आवाज एकदम खाली आणला.

तेल घालताना ते बोलत नसत. खालच्या बाजूनं जाणाऱ्या चेनीच्या आतल्या अंगावर, एकेका कडीवर एकेक थेंब. "आतून घातलं की चाक फिरताना बाहेर यीतंय. बाहेरून घातलं की उडून जातंय." हे सगळं झालं की ते उठत, हात पुसत आणि म्हणत, "आता मुरू द्या."

"किती वेळ?"

"घाई कशाची हाय? मुरू द्या."

अर्धा तास तरी मुरायला लागे. तोवर भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि नंतर चहा. अप्पा समोर बसून चेनीबद्दल बोलत. दुसऱ्या कशाबद्दलही नाही. पाऊस, निवडणूक, महागाई, कुणाचं लग्न, कशातही त्यांना रस नसे. आम्ही आपापसात बोलू लागलो की ते गप्प ऐकत, आणि मध्येच विचारत, "पर तेल आत गेलं असंल का आता?"

नव्वद नंबरचा शोध कसा लागला ते रफिकभाईंनी मला सांगितलं. जिन्याखाली अप्पांनी खिळे ठोकून जुन्या चेनीचे तुकडे टांगले होते. एकाला खोबरेल, एकाला एरंडेल, एकाला करडईचं, एकाला शेंगातेल, एकाला शिलाई मशीनचं, एकाला ग्रीस, एकाला इंजिन ऑइल, आणि शेवटच्याला नव्वद नंबर. रस्त्याची धूळ रोज त्यांच्यावर बसायची. अप्पा रोज एकेक तुकडा हातात घेऊन वाकवायचे, हुंगायचे, कानाशी धरून हलवायचे. करडई आणि शेंगातेल गुळाच्या पाकासारखं चिकट होऊन बसलं. शेंगातेलाचा तुकडा तर उंदरानं खिळ्यावरून ओढून नेला. तो पाठीमागच्या मोरीजवळ सापडला. अप्पांनी तो धुऊन परत टांगला, कारण "परीक्षा अर्धी सोडायची न्हाय."

"ग्रीस कसं हाय सांगू?" अप्पा मला म्हणाले. "दारात बसलेला पाव्हणा. आत या म्हणलं तरी यीत न्हाय. आन जाणाऱ्या-येणाऱ्या धुळीला हाक मारून जवळ बसवतंय. इंजिन ऑइल लगीच आत जातंय, आन लगीच बाहेर. गाडी पळवली की तुमच्या पाठीवर. ते गंज सोडवायचा फवारा असतोय ना, लोक त्यालाच तेल समजतेत. ते धुयाला ठीक. धुवून झाल्यावर साबण अंगावर ठिऊन फिरताव का तुमी? नव्वद नंबर शहाणं हाय. आत जायला येळ लावतंय, पर गेलं की लवकर निघत न्हाय."

मी रविवारी नियमानं जाऊ लागले. खरं सांगायचं तर माझी गाडी बदलली. ज्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की तो आवाज आहे हेच विसरले होते, तो नाहीसा झाला. माळावरून जाताना चाकाखालच्या खड्यांचा आवाज यायला लागला. मी वस्तीवर पोचायच्या आधीच कुत्री उठायची, ती उठेनाशी झाली. एक मेंढपाळ मला म्हणाला, "बाई, तुमी आलेलं कळतच न्हाय आता."

अशी दोनेक वर्षं गेली. मग माझी ती जुनी गाडी थकली आणि मी नवी घेतली. नव्या गाडीच्या चेनीत कड्याकड्यांत रबराच्या बारीक रिंगा होत्या. शोरूममधल्या माणसानं गाडीबरोबर एक स्प्रेचा डबा विकला. "मॅडम, हाच मारायचा. बाकी काही नको."

मी तो डबा रविवारी अप्पांपुढं ठेवला. रफिकभाई हसायला लागले. अप्पांनी डबा हलवला, कानाशी धरला, बोटावर फवारा मारून बघितला. "डासाचं औषध हाय काय हे?" पण बोटं एकमेकांवर घासता घासता त्यांचा चेहरा गंभीर झाला. फवारा आधी पाण्यासारखा पातळ होता. बघता बघता त्याचा मेणासारखा कोरडा थर झाला.

"हे आत कसं जातंय ते कळलं," ते पुटपुटले. "पातळ व्हऊन जातंय, आन मग घट्ट व्हतंय."

"मग? हे चांगलं की नव्वद नंबर?"

"मी कसं सांगू? बघितल्याबिगर?"

आणि मग त्यांनी जे काढलं ते ऐकून रफिकभाईंनी कपाळावर हात मारला. अप्पा म्हणाले, दोन गाड्यांवर दोन तेलं घालून काही कळणार नाही. रस्ता वेगळा, चालवणारा वेगळा. एकाच चेनीच्या अर्ध्या भागाला स्प्रे मारायचा आणि अर्ध्या भागाला नव्वद नंबर. नव्वद नंबर रबराला खात नाही, ते आधी पेठेतल्या गॅरेजात विचारून घेतलं.

"अप्पा, चेन गोल घूमती," रफिकभाई म्हणाले. "दोनों मिल जाते ना."

"मिसळणार की थोडं. पर जास्त कुटं हाय ते तर दिसंल. डाक्टरबाई, तुमच्याकडं नखाला लावायचं लाल असंल ना?"

मी डॉक्टर नाही हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. घरात जाऊन नेलपॉलिशची एक जुनी बाटली घेऊन आले. अप्पांनी चेनीवर समोरासमोर दोन लाल खुणा केल्या. अर्धी चेन टॉवेलनं झाकून, श्वास रोखून, दुसऱ्या अर्ध्या भागाला स्प्रे मारला. मग झाकलेल्या भागाला थेंब थेंब नव्वद नंबर. माझ्या नव्याकोऱ्या गाडीची ही अवस्था बघून बोळातल्या बायका खिडकीतून हसत होत्या. मला मात्र एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेला आपण मदतनीस म्हणून उभे आहोत असं वाटत होतं.

त्या दिवसांत मेंढ्यांचं लसीकरण जोरात होतं. मी रोज माळ तुडवत होते. धूळ इतकी की संध्याकाळी केस धुतले तर पाणी चहासारखं निघायचं. महिनाभरानं मी अप्पांपुढं गाडी लावली.

त्या दिवशी त्यांनी डागाचा टॉवेल घेतला नाही. दुकानातनं नवा, पांढरा, घडी न मोडलेला टॉवेल आणला. एका टोकानं नव्वद नंबरचा भाग पुसला. काळाकुट्ट लगदा. अप्पांनी तो दोन बोटांत घासला. करकर वाजला. मलाही ऐकू आला. मग दुसऱ्या टोकानं स्प्रेचा भाग पुसला. फिकट, मातकट डाग. बोटात घासला तर आवाज नाही.

अप्पांनी टॉवेलची दोन्ही टोकं शेजारी धरून पाहिली.

"परत," अप्पा म्हणाले.

परत म्हणजे उलटं. चेन धुवून, जिथं तेल होतं तिथं स्प्रे, जिथं स्प्रे होता तिथं तेल. मी पुन्हा महिनाभर माळ तुडवला. पुन्हा नवा टॉवेल आला. पुन्हा तोच काळा आणि तोच मातकट.

अप्पांनी टॉवेल मांडीवर पसरला. मला वाटलं, आता काहीतरी कारण काढतील. स्प्रेला वास आहे, डबा महाग आहे, आमच्या काळात असं नव्हतं. म्हातारी माणसं काढतात. मी ऑफिसात तरुण माणसांनाही काढताना बघितलंय. अप्पांनी टॉवेलची घडी घातली आणि म्हणाले, "डाक्टरबाई, धुळीला हेच बरं. लई पाऊस असता तर नव्वद नंबर राहिलं असतं. पर आपल्याकडं पाऊस कुटं हाय? धूळच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघाले तर अप्पा बोळाच्या तोंडाशी हात आडवा करून उभे. बँकेतल्या साहेबांना थांबवलं होतं. "मी तुमाला नव्वद नंबर सांगितलं व्हतं की न्हाय? ते बदला. चूक व्हतं माझं. असा डबा मिळतोय, आठवड्याला घरीच मारा. धुवून, पुसून, मागचं चाक हातानं फिरवत. दोन मिनटाचं काम हाय."

रफिकभाईंना हे काही पचेना. "इतने साल तुमीच बोलते थे ना अप्पा, नव्वद नंबर, नव्वद नंबर?"

"म्हणत व्हतो."

"अब?"

"आता बघितलं."

मी हेल्मेटची पट्टी लावायची विसरून बघत राहिले. सारा बोळ ज्या नावानं त्यांना ओळखत होता, ते नाव हा माणूस चौकात उभा राहून, दिसेल त्याला थांबवून, स्वतःच्या हातानं पुसून टाकत होता. आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

पुढं शेळ्यांत साथ आली आणि मला रविवार राहिले नाहीत. पहाटे जायचं, अंधार पडता परत यायचं. आठवड्यातून एकदा दारातच उभं राहून चेनीला फवारा मारायचा आणि निघायचं. साथ ओसरली तेव्हा एका रविवारी मी दूध घेऊन पायी घरी परतत होते. अप्पांचा कट्टा वाटेत लागतो.

कट्ट्यावर कागदाखाली भाकरी झाकून ठेवली होती. शेजारी दह्याचं भांडं, चटणीची वाटी. टॉवेलच्या तुकड्यांची कापून, घडी घालून रचलेली चळत. कट्ट्यापुढं एकही गाडी नव्हती. अप्पा धुतलेल्या धोतरात भिंतीला टेकून बसले होते.

"आज कुणी आलं नाही, अप्पा?"

"यीत न्हाईत आता," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, पाणी आलं नाही असं सांगावं तसं सांगितलं. "कशाला यीतील? घरीच व्हतंय की. रफिकभाईबी स्प्रे मारायलेत. आवाज ऐकतो मी. चांगली चालायलीय."

मी दुधाची पिशवी हातात घेऊन तिथंच उभी राहिले. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं? स्प्रेचं सांगितलं की लोक येणार नाहीत म्हणून?"

"व्हय की. टॉवेल दुसऱ्यांदा बघितला तवाच कळलं."

"मग सांगितलं कशाला?"

त्यांना प्रश्नच समजला नाही.  "न सांगून कसं? चेनी खराब झाल्या असत्या की लोकांच्या."

मी कट्ट्यावर बसले. अप्पा गडबडले. इकडं तिकडं बघायला लागले. "गाडी कुटाय तुमची?"

"घरी आहे."

"मग? आवाज यायलाय काय तिचा?"

"नाही, अप्पा. चांगली आहे. मी नुसती बसायला आले."

या माणसाला मी तास न् तास बोलताना ऐकलं होतं. आता त्याला एक शब्द सुचेना. धोतराची किनार सरळ केली, भाकरीवरचा कागद काढला, परत ठेवला, परत काढला. मग भिंतीकडं बघत म्हणाले, "मला बोलायला यीत न्हाय, डाक्टरबाई. माझी बायकू, गौरव्वा, ती बोलायची. दुकानात गिऱ्हाईक आलं की टॉवेल मी दाखवायचो, आन बोलणं तिचं. कुणाचं पोरगं कुटं हाय, कुणाची सून कशी हाय, सगळं तिला ठावं. लोक टॉवेल घ्यायला न्हाय, तिच्याशी बोलायला यायचे. मी आपला घड्या घालत ऐकत बसायचो. ती गेली, आन गिऱ्हाईक आलं की मी नुसता टॉवेल पुढं करायचो. काय बोलायचं? मग पुतण्याला दिलं दुकान. लेक हुबळीला. घरात बसलो तर आवाजच न्हाय कसला. एकदा दारात बसलो व्हतो, एकाची चेन लई वरडत गेली. त्याला थांबवलं. तेवढं एक बोलायला जमलं मला."

एवढं बोलून ते एकदम लाजले. भाकरीचा मोठा तुकडा मोडून त्यांनी माझ्या हातात दिला, वर दही घातलं, चटणी घातली, आणखी दही घातलं. आम्ही खात बसलो. बोळातून दोन गाड्या गेल्या. कुणाचीच चेन वाजली नाही. दोघांनीही अप्पांना बघून हॉर्न वाजवला आणि निघून गेले.

बराच वेळ अप्पा कशाशी तरी झटत होते. ओठ हलायचे, परत मिटायचे. शेवटी घसा खाकरून त्यांनी विचारलं, "शेळ्या... बऱ्या हाईत का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच माझ्या कामाचं काही विचारलं होतं.

मी सांगायला लागले. साथीतली एक गाभण शेळी होती, उठायचीच बंद झालेली. तिची मालकीण, एकटीच राहणारी म्हातारी, तिला मांडीवर घेऊन चमच्यानं पेज पाजत बसलेली. मी सुई टोचून निघाले, तर म्हातारीनं माझ्या गाडीचं हँडलच धरून ठेवलं, जाऊ देईना.

दूध ऊन होत चाललं होतं. अप्पांनी उठून पिशवी आत नेली, फ्रिजमध्ये ठेवली आणि परत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"हां," ते म्हणाले. "हँडल धरलं. मग?"